डब्यांच्या नकाशावरची पेन्सिल

सर,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात माइक माझ्या हातात आला आणि मी पुन्हा खोटं बोललो.

तुम्ही समोरच होतात, खुर्चीवर ठेवलेल्या फोटोत. तोच फोटो, ज्याला तुम्ही ‘सत्काराला उशिरा पोचलेला पाहुणा’ म्हणायचात. काकू पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत होत्या. त्रिसरण-पंचशील झालं, तुमच्या विभागातले दोघं बोलले, दौंडच्या रेल्वे चाळीतले तुमचे बालमित्र बोलता बोलता रडले, आणि मग माझं नाव पुकारलं. सरांचे सर्वांत जुने विद्यार्थी, शिरूरकडच्या मोठ्या कारखान्याचे एचआर हेड. मी म्हणालो, “सरांनी तरुणपणी आमच्या कारखान्यात बघून एक सिद्धांत मांडला होता, की जे कामगार एकत्र डबा खातात तीच खरी टीम, आणि ती सहजी फुटत नाही. पुढं त्याच कारखान्यात त्यांना ती फुटलेली दिसली. तेव्हा त्यांनी आपला सिद्धांत आपल्याच हातानं खोडला. स्वतःची चूक छापून सांगणारा दुसरा प्राध्यापक मी पाहिला नाही.”

लोकांनी माना डोलावल्या. काकूंनी डोळे पुसले. मी खाली बसलो आणि माझ्या लक्षात आलं की मी तुमच्या फोटोकडे एकदाही बघितलं नव्हतं.

बाहेर चपला शोधत होतो तेव्हा खांद्यावर हात पडला. यवतचा मिलिंद. तुमच्या डब्यांच्या नकाशावरचं चार नंबरचं टिंब. आता केस पांढरे झालेत, पण उभं राहायची ढब तीच, एका पायावर भार देऊन.

“भाषण भारी झालं साहेब,” तो म्हणाला. “येक इचारू का? सरांनी खरंच आसं लिवलं? की आमी आपसूक फुटलो म्हणून?”

“हो.”

“छापलं?”

“हो.”

त्यानं गाडीवरचं हेल्मेट उचललं. “आन् तुमी तवा तिथंच व्हता,” म्हणाला. मग हेल्मेट घातलं आणि काच वर करून म्हणाला, “येत्या रविवारी कवठ्याला या, दत्तूच्या मळ्यात. काय आणू नका.”

त्याच संध्याकाळी काकूंनी मला स्मृतिअंकासाठी दोन पानं लिहायला सांगितलं. “तूच त्यांच्या सगळ्यांत जवळचा,” म्हणाल्या. दोन पानांत हे मावणार नाही, सर. आणि हे वाचल्यावर कोणी मला तुमच्या जवळचा म्हणणार नाही. पण मी आता पन्नाशी ओलांडली आहे, आणि तुम्ही फोनवर “बोल विलास” म्हणणार नाही एवढं नक्की झाल्यावर मला लिहायला सुचतं आहे. भित्रा माणूस असाच असतो.

सुरुवातीपासून सांगतो. तुम्हाला ठाऊक असलेलंही सांगतो, कारण हे इतर लोकही वाचतील.

मी तुमच्या वर्गात शिकत होतो आणि नुकताच कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात ट्रेनी म्हणून लागलो होतो. ब्रेकचे सुटे भाग बनायचे तिथं. तुम्ही मला स्टाफरूमबाहेर थांबवलंत. “तू त्या गेटच्या आत आहेस आणि माझा विद्यार्थीही आहेस. मला दोन्ही पाहिजे,” म्हणालात. मला केवढा अभिमान वाटला होता! मांडवगण फराट्याच्या उसाच्या रानातून आलेला मी, आणि पुण्याचे प्राध्यापक मला ‘पाहिजे’ म्हणतात. एका माणसानं दोन्हीकडचं असणं कुठं नेतं याचा तेव्हा ना तुम्ही विचार केलात ना मी.

तुमचा प्रश्न एका ओळीचा होता. “पगार माणसाला गेटपर्यंत आणतो. गेटापासून मशीनपर्यंत त्याला कोण आणतं?” पुस्तकांत याची उत्तरं होती, पण ती इथली नाहीत असं तुमचं म्हणणं. छापील प्रश्नावल्यांची तुम्ही टर उडवायचात. तीन नंबर लाईनवरच्या दत्तूला, कवठे येमाईच्या त्या दांडग्या गड्याला, तुम्ही एकदा गंमत म्हणून विचारलंत, “कामावर किती समाधानी आहेस, एक ते पाच?” तो म्हणाला, “सर, आज मिलिंदाच्या डब्यात मेथी हाय. पाच लिवा.” तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. आणि मग एकदम त्यांच्या डब्यांकडे बघायला लागलात. मला वाटतं, तुमचा सगळा अभ्यास त्या मेथीपासून सुरू झाला.

तुम्ही काकूंची एक हिरवी काचेची बांगडी कंपासपेटीत ठेवायला लागलात. दौंडहून गाडी पकडून, मग माझ्या मोटरसायकलवर मागे बसून कॅन्टीनला यायचात, सोबत भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. पहिले दोन आठवडे कोपऱ्यात एकटे जेवलात. “साहेब कंपनीचा माणूस असंल,” अशी कुजबुज. तिसऱ्या आठवड्यात दत्तू डबा घेऊन समोर आला. “सर, येकट्यानं खाल्लेलं अंगी लागत न्हाई. सरका.” तुम्ही सरकलात. परतीच्या वाटेवर मोटरसायकलवर तुम्ही काहीतरी गुणगुणत होतात, मला ऐकू येत होतं.

मग नकाशे सुरू झाले. बांगडी कागदावर ठेवून गोल काढायचा, कडेवर टिंबं, प्रत्येक टिंबाला नंबर. कुणाची भाजी कुणाच्या डब्यात जाते त्याचे बाण. बाण दोन्ही बाजूंनी असेल तर रेघ जाड. कुणाचंही नाव कुठंही नाही. नाव आणि नंबर यांची जोडी फक्त एका दोनशेपानी वहीत, आणि ती वही माझ्याकडे. “ही वही म्हणजे त्यांनी आपल्यावर टाकलेला विश्वास आहे, विलास. माझ्या घरीही नको. तुझ्याकडेच राहू दे.”

तीन नंबर लाईनचा गोल तुमचा लाडका. सहाजण. कवठ्याचा दत्तू, यवतचा मिलिंद, बिहारहून आलेला रामपरवेश आणि आणखी तिघं. रामपरवेशला गावाकडून तार आली आणि तो गेला, तेव्हा बाकीच्या पाचांनी त्याचं मशीन आपापसांत वाटून घेतलं. सुपरवायझरला आठ दिवस पत्ता नव्हता. नवा पोरगा ट्रेनिंगच्या खोलीत शिकत नव्हता ते त्यांच्या डब्याशी बसून शिकायचा. हे सगळं तुम्ही बघितलंत, लिहिलंत, छापलंत. तुमचं नाव झालं. बाहेरून पत्रं आली. तुम्ही ती पत्रं काकूंना वाचून दाखवायचात, इंग्रजीतून मराठी करत, आणि काकू भाकरी थापता थापता म्हणायच्या, “म्हणजे एकत्र जेवावं, एवढंच ना? ते मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं.”

डबाच का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. एकदा शाळेवरून मोटरसायकल जात होती, मधली सुट्टी झाली होती, पोरं झाडाखाली गोल करून बसली होती. तुम्ही मागून म्हणालात, “मी खिडकीत बसून खायचो. बस तिथं, असं कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नसे.” एवढंच.  

आणि त्यानंतर महिन्याभरानं मी तुम्हाला आमच्या घरी मांडवगणला नेलं. माझ्या वडिलांनी, आबांनी, हसून स्वागत केलं. आम्हा सगळ्यांना स्टीलच्या पेल्यांत चहा आला आणि तुम्हाला कपबशीत. “पाहुण्याला कपबशीच पाहिजे,” आबा म्हणाले. तुम्ही म्हणालात, “चहा फक्कड झालाय.” दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती कपबशी मोरीत बघितली नाही. ती मागच्या दारी, भिंतीच्या कडेला पालथी पडली होती. ती खास पाहुण्यांची होती की खास तुमच्यासाठीची, हे आबांना विचारायचं मला धाडस झालं नाही. आबा गेले. कपबशीचं काय झालं मला माहीत नाही. तुम्ही पुन्हा आमच्या घरी आला नाहीत, आणि मीही पुन्हा बोलावलं नाही. माझं पहिलं गप्प बसणं ते.

आता खरं सांगायचं ते.

प्लांट हेडनी मला केबिनमध्ये बोलावलं. दुपारची वेळ, चहा मागवला. तेव्हा कंत्राटी कामगारांना कायम करा म्हणून आत कुजबुज सुरू झाली होती, आणि लोक कुणाचं ऐकतात हे वरच्यांना कळत नव्हतं.

“सर ती चित्रं काय काढतात हो?”

“संशोधन आहे.”

“आपल्याच कंपनीत ना? मग आपल्यालाही कळायला नको? मला नावं नकोत हां. कुणाचं कुणाशी जमतं एवढं समजलं की झालं. टीमवर्कसाठीच.” मग चहाचा घोट घेऊन सहज म्हणाले, “तुमचं कन्फर्मेशनचं पत्र टाईप व्हायला टाकलंय.”

त्यांनी धमकी दिली नाही. आजवर मी मनातल्या मनात हा प्रसंग जेव्हा जेव्हा आठवला तेव्हा त्यात धमकी घालत आलो. नव्हती. आणि सर, त्यांनी नावंही मागितली नव्हती. ‘नावं नकोत’ म्हणाले होते. मी माझ्या टेबलाशी आलो, तीन नंबर लाईनचा नकाशा काढला, वही उघडली, आणि प्रत्येक टिंबापुढं नाव लिहिलं. पेन्सिलीनं. खोडता यावं म्हणून. मला वाटलं, नुसती टिंबं दिली तर साहेबांना वाटेल याला काही माहीत नाही. ज्याच्याकडे वही आहे तो कुणीतरी आहे, हे मला दाखवायचं होतं. एवढं साधं होतं ते. सहा नावं लिहायला दोन मिनिटंही लागली नसतील. कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो.

महिन्याभरात कॅन्टीनची सुट्टी तीन बॅचमध्ये वाटली गेली. दत्तू पहिल्या पाळीत, मिलिंद स्टोअरला, एकजण रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या प्लांटला. रामपरवेशचं नाव ठेकेदाराच्या पुढच्या यादीत आलंच नाही. सगळ्या बदल्यांवर कारण एकच, ‘उत्पादनाची गरज’. ती पत्रं टाईप करून घ्यायचं आणि खाली सही करून वाटायचं काम माझं होतं. माझं कन्फर्मेशनचं पत्रही त्याच आठवड्यात आलं.

तुम्ही त्या काळात दुसरीकडे व्याख्यानांना गेला होतात. आठेक महिन्यांनी दुसऱ्या फेरीसाठी आलात, नवी कोरी वही आणि तीच बांगडी घेऊन. कॅन्टीनमध्ये बसलात. माणसं येत होती, पटापट गिळून उठत होती. एका टेबलावर दत्तू एकटा जेवत होता. तुम्ही हात केलात, त्यानंही केला, पण जवळ आला नाही. तुम्ही तीन दिवस बसलात. बांगडी कागदावर ठेवलीत आणि उचललीत. मग मला विचारलंत, “काय झालं रे यांचं?”

माझ्या खिशात तेव्हा पेन होतं, मी त्याच्याशी चाळा करत होतो. मी म्हणालो, “सर, लोक बदलतात.”

तुम्ही ते वाक्य वहीत लिहून घेतलंत.

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही लेख लिहिलात की असे गट बाहेरून घट्ट दिसले तरी अल्पजीवी असतात. आपल्या पहिल्या निष्कर्षात अभ्यासकाची स्वतःची ओढ मिसळली असावी. अभ्यासकाची स्वतःची ओढ. खिडकीत बसून डबा खाल्लेल्या पोराला जे हवं होतं तेच त्याला दिसलं, असं तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिलंत. आणि खाली तळटीप होती, ‘एका स्थानिक निरीक्षकाच्या मते लोक बदलतात.’ तुम्ही माझं नाव घातलं नव्हतंत. तुम्ही सगळ्यांना जसं जपायचात तसंच मलाही जपलंत.

त्यानंतर तुम्ही कधी कुठल्या कॅन्टीनमध्ये बसला नाहीत. ज्यांची टर उडवायचात त्या प्रश्नावल्याच काढायला लागलात, एक ते पाच. विभागप्रमुख झालात, किती जणांना मार्गदर्शन केलंत. लोक म्हणाले, सर आता शास्त्रशुद्ध झाले. मी बघत होतो. तुम्हाला त्या कामाचा कंटाळा यायचा, आणि कंटाळा आला की तुम्ही फार नम्र व्हायचात.

माझा प्रबंध तुम्ही वर्षानुवर्षं विचारत राहिलात. “कुठवर आलं?” आधी रागानं, मग गमतीनं, शेवटी नुसतंच, सवयीनं. तुम्हाला वाटलं मी आळशी, नोकरीत रमलो. सर, तिसरं प्रकरण त्या कारखान्याचंच होतं. ते खोटं लिहिणं मला जमेना आणि खरं लिहिणंही. पहिली दोन प्रकरणं अजून कपाटात आहेत, तुमच्या हिरव्या शाईच्या खुणांसकट. एका पानावर तुम्ही समासात लिहिलंय, ‘छान. पण तू कुठं आहेस यात?’

मी नोकरी सोडीन असं मला दर वर्षी वाटायचं. सोडली नाही. बढत्या मिळत गेल्या. माझ्या केबिनला काच आहे आणि काचेपलीकडे कॅन्टीन. तीन बॅच अजून तशाच आहेत. दर वर्षी एप्रिलमध्ये वेळापत्रक माझ्यापुढं येतं आणि मी सही करतो. घंटा वाजली की एक घोळका उठतो, दुसरा येतो, खुर्च्या गार व्हायलाही वेळ मिळत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ट्रेनिंगला एक गोड बोलणारा सल्लागार आला होता. त्यानं पडद्यावर इंग्रजीत वाक्य दाखवलं की कामगारांचे जेवणाचे गट टिकत नाहीत, त्यांच्यावर विसंबू नये. खाली तुमचं नाव. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. माझंच वाक्य सूट घालून माझ्यापुढं उभं होतं, आणि सगळे वहीत उतरवून घेत होते. चहाच्या सुट्टीत मी बाहेर गेलो ते परत आत गेलो नाही. संध्याकाळी तुम्हाला फोन लावला. तुम्ही उचललात, “बोल विलास.” मी विचारलं, “काकूंचा गुडघा कसा आहे?”

आणि गेल्या वर्षीची ती संध्याकाळ. दौंडला तुमच्या गच्चीवर बसलो होतो, खाली रेल्वेच्या डब्यांचं शंटिंग चाललं होतं. तुम्ही खूप वेळ त्या डब्यांकडे बघत होतात. मग म्हणालात, “विलास, ते तीन नंबरचे सहाजण. मला अजून वाटतं, मी काहीतरी बघितलं नाही.”

तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत. संशयानं नव्हे. एखादा अडलेला माणूस दुसऱ्या अडलेल्याकडे बघतो तसं.  तोंडात शब्द आले होते, सर. खरंच आले होते. मी म्हणालो, “गार वारं सुटलंय सर. आत चला.”

तुम्ही उठलात. जिना उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतलात.

रविवारी कवठ्याला गेलो. दत्तूच्या मळ्यात चिंचेखाली ताडपत्री अंथरली होती. दत्तू, मिलिंद आणि दुसरे दोघं होते. थोड्या वेळानं मोटरसायकलवरून रामपरवेश उतरला, पोट सुटलेला, हातात मोठा डबा. आता चाकणला असतो म्हणे. सहावा सौदी अरेबियात. त्याला व्हिडिओ कॉल लावून फोन चिंचेच्या बुंध्याला टेकवला. मला आधी कळेना हे काय चाललंय.

“हे दर म्हैन्याला आसतं,” मिलिंद म्हणाला. “शेवटचा रविवार. कधी कवठं, कधी यवत.”

“कधीपासून?”

“फोडलं तवापासनं,” दत्तू म्हणाला. “कंपनीत बसू देत न्हाईत म्हंजी काय, जेवायचंच सोडायचं व्हय?”

मी उभाच होतो. विचारलं, “सरांना का नाही सांगितलं हे? ते किती वेळा तुमची चौकशी करायचे.”

 दत्तूनं कांदा हातात घेतला आणि तो फोडता फोडताच म्हणाला, “सांगायचं म्हंजी सगळंच सांगावं लागलं आसतं. आमी भेटतो म्हणलं, की ते इचारणार, मग फुटला कसं? मग सांगायचं का, सर, तुमच्याच चित्रानं? प्लांट हेडच्या टेबलावर आमी बघितलं व्हतं ते. बांगडीचा गोल, आन् म्होरं पेन्सिलीनं नावं. अक्षर आमाला काय वळखू येत न्हाई व्हय साहेब? बदलीच्या कागदावर सही कुणाची व्हती?”

“तुम्हाला तेव्हापासून माहीत आहे,” मी म्हणालो.

“तवापासनं. पण सरांना ते कळलं आसतं तर त्यांचा जीव तुटला आसता. देवमाणूस त्यो. आमच्यात बसून चटणी-भाकरी खाल्ली. म्हणलं, ऱ्हाऊ दे. आपलं आपण बघू.”

“आन् आमाला काय ठावं,” मिलिंद माझ्याकडे न बघता म्हणाला, “की त्यांनी त्ये सोतावर घेतलं. पुस्तकात लिवलं, चुकलो म्हणून. त्ये तुमच्याच भाषणात ऐकलं आमी. त्ये तुमाला ठावं व्हतं. आमाला न्हाई.”

हे ऐका, सर. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ते गप्प बसले आणि मला नोकरी हवी होती म्हणून मी. त्यांच्या मायेनं आणि माझ्या भीतीनं मिळून तुम्हाला चोवीस वर्षं कोंडून ठेवलं. तुम्ही मध्ये उभे, एकीकडे ते, एकीकडे मी, आणि दोन्हीकडून कुणीही खरं बोलेना. कुठल्याही अभ्यासकाला अशा भिंतीतून काही दिसलं नसतं. तुमची नजर चुकली नव्हती.

रामपरवेशनं डबा उघडला, लिट्टी होती, हरभऱ्याचं पीठ भरून भाजलेले कणकेचे गोळे. “साहब, खड़े क्यों हो? बैठिए,” म्हणाला. त्याला कुणी काही सांगितलं नसेल, किंवा सगळं माहीत असूनही म्हणाला असेल. इतर कुणी सरकलं नाही. अडवलंही नाही. मी ताडपत्रीच्या कडेला टेकलो. दत्तूची मेथी मिलिंदच्या ताटात गेली, मिलिंदचं पिठलं रामपरवेशकडे, लिट्टी सगळ्यांकडे, फोनमधला सहावा ओरडला, “माझा वाटा ठिवा रे,” आणि दत्तू म्हणाला, “तुझा वाटा कुत्र्यानं न्हेला.” सगळे हसले. मी बाण मोजत होतो. सवय. सगळे दोन्ही बाजूंनी होते.

ही तुमची तिसरी फेरी, सर. निरीक्षण असं: सहापैकी पाच हजर, सहावा फोनवर. चोवीस वर्षं, कुणाच्याही परवानगीशिवाय, कुणाच्याही पगाराशिवाय. तुमचा पहिला निष्कर्ष बरोबर होता. दुसरा तुमचा नव्हताच, माझा होता.

हे मी लिहून काढलं आणि काल दौंडला घेऊन गेलो. छापण्याआधी काकूंना दाखवणं भाग होतं. त्या दारातच बसल्या होत्या, शेंगा सोलत. मी वाचायला सुरुवात केली. कपबशीपाशी त्यांचे हात थांबले, पुन्हा सुरू झाले. पेन्सिलीपाशी त्यांनी सूप बाजूला ठेवलं. गच्चीपर्यंत आलो तेव्हा म्हणाल्या, “बास. मला नको वाचून दाखवू.”

मी कागद घडी करायला लागलो. मला वाटलं, संपलं.

“ते आजारी होते ना,” काकू म्हणाल्या, “शेवटी शेवटी, तेव्हा एकदा मला म्हणाले, बांगडी कुठं ठेवलीस? म्हटलं, कुठली? तर म्हणाले, मोजायची.” त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. “छापायला दे. सगळं. एक अक्षर खोडू नकोस. आणि खाली नाव घाल तुझं. पूर्ण घाल. ते स्थानिक निरीक्षक-बिरीक्षक नको.”

“हो काकू.”

त्या उठल्या, सूप उचललं आणि आत गेल्या.

इतक्या वर्षांत त्या घरातून मी कधी न जेवता निघालो नव्हतो. तुम्ही नसलात तरी काकू म्हणायच्या, “दोन घास खाऊन जा.” काल मी चपला घालायला खूप वेळ लावला. आतून भांड्यांचा आवाज येत होता, ताट काढल्याचा, एकच. हाक आली नाही.

विलास बाजीराव जगदाळे
मांडवगण फराटा